सोमवारच्या अजब बातम्या

जनू,

तू गेल्याचं विल्सनला कळवायचं काम माझ्याकडे आलं. तुझी बायको हेमा म्हणाली, ताई, तुम्हीच सांगा, मला जमायचं नाय. मी सवयीने तुझ्या दुकानात गेले, कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरसमोर बसले आणि मेल लिहायला घेतला. विषयाच्या रकान्यापाशी हात थांबला. इतकी वर्षं आपण त्या रकान्यात काय काय लिहिलं होतं. 'म्हैस पकडली.' 'बदक बँकेत.' 'पोपट मालकासारखा खोकतो.' त्याच रकान्यात तुझं नाव घालायला बोटं धजेनात. शेवटी उठले आणि तुझ्याच बूथमधून मस्कतला फोन लावला.

विल्सनने माझा आवाज ओळखला. म्हणाला, काय ताई, आज थेट फोन? एवढी मोठी बातमी आहे का? मग मी सांगितलं.  तो म्हणाला, "येतो." आणि फोन ठेवला.

तुळिंजच्या नाक्यावर तुझा फ्लेक्स लागलाय. जन्म, मृत्यू, खाली शोकाकुल मित्रमंडळाची नावं. फोटो तुझ्या भाचीच्या लग्नातला आहे, सफारी घातलेला, आणि त्यात तू हसत नाहीयेस. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटेल हा कुणी गंभीर माणूस होता. म्हणून मी लिहितेय. तुझ्याबद्दल दुसऱ्या कुणाला सांगण्यापेक्षा तुलाच सांगावं, तेवढं मला सोपं जातं.

तुला आठवतं का, वाचनालयात तू पहिल्यांदा आलास तेव्हा मी तुला जवळजवळ हाकललंच होतं? सोपाऱ्याच्या बाजूला, पतपेढीच्या वरच्या त्या दोन खोल्या. मी तिथे नुकतीच लागले होते. लग्न होऊन रत्नागिरीकडून तुळिंजला आले, रोज रेल्वेचा पूल ओलांडून पश्चिमेला यायचे आणि संध्याकाळी सातपर्यंत बसायचे. तू वाडीतलं काम आटोपून यायचास, खालच्या नळावर पाय धुऊन वर चढायचास. तुझ्याबरोबर विल्सन, खिशाला टेस्टर लावलेला, कुणाच्या तरी घरचं वायरिंग अर्धं टाकून आलेला. तुमच्या दोघांच्या वाड्या कळंबच्या रस्त्याला शेजारी शेजारी, तुम्ही एका शाळेत, एका बाकावर. भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी होती आणि तिच्याच खाली बसून तू मोठ्याने पेपर वाचायचास.

पेपर म्हणजे काय, तर आतल्या पानावरची ती लहानशी चौकट. राजकारण, अपघात, बाजारभाव यांच्याशी तुला काही देणंघेणं नव्हतं. कुठल्या तरी देशात कुणी तरी विचित्र वागलं असेल, तर ती तुझी बातमी. तू ती जशी छापली असेल तशी कधीच वाचली नाहीस. चार ओळींच्या चौकटीचं तू पाव तासाचं आख्यान करायचास. माणसाला आई द्यायचास, आईला गुडघेदुखी द्यायचास, घराला अंगण द्यायचास. विल्सन म्हणायचा, हे सगळं छापलंय का तिथे? तू म्हणायचास, छापायला जागा नसंल त्यांच्याकडे. मग दोघं माझ्या टेबलाशी यायचात आणि मला कपाटातून नकाशाचं पुस्तक काढायला लावायचात, असा देश आहे तरी का ते बघायला. पेन्शनीतले दोन आजोबा तुमच्या आवाजाची तक्रार माझ्याकडे नोंदवायचे, आणि तक्रार झाली की आपल्या खुर्च्या तुमच्या जवळ सरकवायचे.

मला त्या बातम्या तितक्या आवडायच्या नाहीत, जनू. हे मी तुला कधी सांगितलं नाही. दोन डोक्यांचं वासरू आणि झाडावर राहणारा माणूस यात मला काय रस असणार? पण माहेर सोडून आलेल्या बाईला संध्याकाळी कुणी तरी 'ताई, ही ऐका' असं म्हणत होतं. तेवढ्यासाठी मी नकाशे काढत होते.

मग ते बावखलाचं झालं. हा शब्द मला तूच शिकवलास. तुमच्याकडे वाड्यांच्या मध्ये तळं असतं, त्यात पावसाचं गोडं पाणी साठतं आणि त्याच्यामुळे समुद्र इतका जवळ असूनही आजूबाजूच्या विहिरी गोड्या राहतात. तुमच्या दोन्ही घरांना मिळून एकच बावखल होतं. कागदावर ते तुमच्या जमिनीत, वापरात दोघांच्या. त्यातच तुम्ही पोहायला शिकलात. त्या वर्षांत टँकर आले. नव्या इमारतींना पाणी पुरवायला विहिरी दिवसरात्र उपसल्या जायला लागल्या. आधी पाण्याची चव बदलली, मग केळी पिवळी पडली. तू आणि विल्सन दोघंही मोर्च्यात गेलात, घसा बसवून घेऊन वाचनालयात आलात. आणि मग तुझ्या काकांनी बिल्डरशी बोलणी केली. सगळ्यांच्या सह्या झाल्या, तुझी शेवटी.

त्या संध्याकाळी विल्सन वर आला तो बसलाच नाही. तू पेपर उघडून बसला होतास. त्याने आवाज चढवला नाही. म्हणाला, "जमीन तुझी होती, तू विकलीस. बावखल कोणाला विचारून विकलंस?"

 पेपरची घडी घातलीस, पुन्हा उघडलीस, पुन्हा घातलीस. तो म्हणाला, आजपासून मला हाक मारू नको. आणि जिना उतरून गेला. आजोबांपैकी एक जण म्हणाले, अरे, भांडू नका रे. पण भांडण झालंच कुठे होतं? भांडण झालं असतं तर बरं झालं असतं.

पुढे तू मला एकदाच बोललास त्याबद्दल. काका सही करून मोकळे झाले, भावांना लग्नं करायची होती, पानी आधीच खारं झालं होतं, मी एकटा बावखल धरून काय बसनार होतो? मी ऐकून घेतलं. विल्सनच्या आईने वाचनालयात येऊन तिची बाजू सांगितली, तीही ऐकून घेतली. त्यांच्या विहिरीला तर बावखल बुजवल्यावर शेवाळ्याचा वास यायला लागला होता. कोण बरोबर हे मला तेव्हा ठरवता आलं नाही आणि आजही येत नाही. विल्सन इलेक्ट्रिशियन म्हणून मस्कतला गेला. तू तुळिंजला दुकानाचा गाळा घेतलास. एसटीडीचा बूथ, झेरॉक्सचं यंत्र, आणि काही वर्षांनी प्लायवूडच्या खोपट्यांत बसवलेले ते कॉम्प्युटर.

मला तुझा राग आला होता तेव्हा. इंटरनेट आलं आणि आमच्या वाचनालयात संध्याकाळी खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या, कॉलेजची पोरं तुझ्याकडे रांग लावू लागली. मी तुला तसं बोलूनही दाखवलं. दुसऱ्या आठवड्यात तू दुकानात पाटी लावलीस: 'प्रोजेक्टसाठी पुस्तकं हवी असल्यास वाचनालयात जावे, ताईंना माझं नाव सांगावे.' आणि खरोखर पोरं यायची आणि तुझं नाव सांगायची. तू मलाही बोलावलंस. सोमवारी वाचनालय बंद असतं, तुमी या, ह्याच्यात जगातल्या सगळ्या चौकटी हायेत, पन सगळ्या इंग्रजीत, मला कोन वाचून दाखवनार?

असे आपले सोमवार सुरू झाले. दुपारी गिऱ्हाईक कमी असायचं. मोडेम किंचाळून गप्प झाला की तू माझ्यासाठी स्टूल ओढायचास आणि मी शोधायला लागायचे. मी वाक्य वाचून मराठीत सांगायचे, तू ते लगेच तुझ्या भाषेत फिरवून घ्यायचास. आणि मग वीज जायची. तुळिंजला भारनियमनाची वेळ ठरलेली असायची, तरी ती आपल्याला दर वेळी बातमीच्या मध्यावरच गाठायची. बदक रोज सकाळी बँकेत येऊन रांगेत उभं राहतं, इथवर आलं की पडदा काळा. तू थांबायचा नाहीस. अंधारात पुढची गोष्ट तू सांगायचास: बदकाची मालकीण वारली होती, तिचं खातं त्या बँकेत होतं, बदक तिला शोधायला यायचं. वीज आल्यावर बघितलं तर बँकेबाहेरच्या कारंज्यात दुरुस्ती चालू होती आणि बदकाला आत गारवा मिळत होता, एवढंच. तू म्हणालास, "माझीच खरी वाटते." झेरॉक्स काढायला आलेल्या बाईचंही तेच मत पडलं.

आपला वाद तिथूनच सुरू झाला. मी म्हणायचे, बातमी म्हणजे घडलेलं असलं पाहिजे, नाही तर तिला गोष्ट म्हण. तू म्हणायचास, इतक्या लांबचं घडलं का नाय ते आपन बघायला जानार हाव का? कोनी तरी बसून लिवलं, आपन बसून ऐकलं, झालं. मी चिडायचे. एवढ्या वर्षांत आपल्यापैकी कुणीही तसूभर मागे सरलं नाही.

विल्सनचा पहिला मेल माझ्या नावावर आला. त्याच्या आईने वाचनालयात येऊन माझा मेलचा पत्ता कागदावर लिहून नेला होता. मला वाटलं ख्यालीखुशाली असेल. तर त्यात फक्त एक बातमी होती. कुठल्याशा दोन देशांच्या मध्ये नदी, एका काठावरची म्हैस पोहून दुसऱ्या काठाला गेली, तिथल्या पोलिसांनी तिला कागदपत्रं नाहीत म्हणून बांधून ठेवली, आणि मालक रोज या काठावर उभा राहून तिला नावाने हाका मारतो. खाली रोमन लिपीत एक ओळ: 'वाचनालयात वाचून दाखवा.' वाचनालयात आता कोण होतं ऐकायला? दोघं आजोबा तर केव्हाच गेले होते. त्याला कुणाला ऐकवायचं होतं ते मला कळलं.

सोमवारी मी ती तुला वाचून दाखवली. तू पोट धरून हसलास. मालकाच्या हाका मारून दाखवल्यास. मग विचारलंस, कुठे मिळाली? मी सांगितलं. तुझा हात तसाच हवेत राहिला. तू झेरॉक्सच्या यंत्राचं झाकण उघडलंस, आत काही नव्हतं, ते मिटलंस. मग म्हणालास, "लिवा त्याला. म्हशीला पोहता येतंच, त्यात काय नवल? बातमी तर मालकाची हाये."

मी तसंच टाइप केलं, तुझ्याच शब्दांत, नाव न घालता. विल्सनला नाव लागणारही नव्हतं. तिकडून उत्तर आलं ते दुसऱ्या बातमीचं.

अशी किती वर्षं गेली. तो पाठवायचा, मी वाचायचे, तू ऐकायचास आणि तुझं मत सांगायचास. कधी आपण शोधलेली एखादी मी त्याला पाठवायचे. तुम्ही एकमेकांना 'कसा आहेस' एवढंही विचारलं नाहीत. तुला मुलगी झाली ते मी माझ्या मेलमध्ये कळवलं. त्याने त्याच दिवशी एका बाळाची बातमी पाठवली, जे म्हणे विमानात जन्मलं आणि त्याला आयुष्यभर फुकट प्रवास मिळाला. मी तुला पुन्हा पुन्हा म्हणायचे, अरे, स्वतः दोन ओळी लिही. मी मध्ये कशाला? तू म्हणायचास, "ताई, बोलायला लागलो की बावखलावर जाऊ. बातमीवरच ऱ्हाऊ दे."

मग विल्सनची आई वारली. तो दफनाला आला. मी चर्चमध्ये पुढे बसले होते आणि मागे वळून बघितलं तर तू शेवटच्या खांबाला टेकून उभा होतास, हातात पिशवी, जसा काही भाजी घ्यायला चालला होतास. मिस्साची प्रार्थना संपेपर्यंत तू तिथेच होतास. दफनभूमीपर्यंतही आलास, पण भिंतीबाहेर थांबलास. मी खुणेने बोलावलं, तू मान हलवलीस. पुढच्या सोमवारी म्हणालास, दुःखाच्या टायमाला आपलं भांडन काढून मिटवत बसायचं, ते बरं दिसत नाय. विल्सनने तुला पाहिलं होतं का? मला माहीत नव्हतं. तो परत गेला आणि त्याचे मेल बंद झाले.

त्या महिन्यांत तू मला रोज विचारायचास, सोमवार नसला तरी. पुलावर भेटलास तरी आधी तेच. आलं काय? नाही आलं. तू म्हणायचास, कामात असंल. मी दोन बातम्या पाठवून बघितल्या, चांगल्या निवडून. काही उत्तर नाही.

आणि एका सोमवारी मी येऊन बसले तर तूच म्हणालास, आज माझ्याकडे बातमी हाये, तुमी फक्त लिवा. मी टाइप करायला घेतलं. एका देशात समुद्राकाठचं गाव. गावात तळं होतं. ते बुजवून त्यावर इमारत बांधली. बरीच वर्षं गेली. मग इमारतीच्या खाली, गाड्या ठेवतात तिथे, जमिनीतून पाणी वर यायला लागलं. लोकांनी फरशी फोडून भराव घातला, पुन्हा आलं. पंप लावला, तरी येतंच. तिथली नगरपालिका म्हणते पाइप फुटलाय. म्हातारी माणसं म्हणतात तळं परत आलंय.

मी विचारलं, कुठल्या देशातली? तू माझ्याकडे न बघता म्हणालास, नाव नीट वाचता आलं नाय. एरवी मी तुला सोडलं नसतं. नकाशा काढायला लावला असता. पण तुझ्या वाडीवर उभ्या राहिलेल्या इमारतीत पाणी शिरतंय हे माझ्याही कानावर आलं होतं. मी ते तसंच पाठवून दिलं.

आठवड्याच्या आत उत्तर आलं. बातमी नव्हती. एकच ओळ होती, आणि या वेळी ती मला उद्देशून नव्हती. 'पाणी गोड आहे की खारट?'

तू ती ओळ मला दोनदा वाचायला लावलीस. मग भरदुपारी शटर अर्धं ओढलंस, मला दुकानात बसवलंस आणि स्कूटर काढलीस. संध्याकाळी परत आलास तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली होती. मी विचारलं, चाखलंस का? तू म्हणालास, लिवा, गोड. मी पुन्हा विचारलं, जनू, खरंच चाखलंस? तू म्हणालास, "लिवा ना, ताई."

मी 'गोड' लिहिलं.

नाताळात विल्सन आला. आधी वाचनालयात आला, केस पांढरे झालेले, हातात माझ्यासाठी खजुराचा डबा. म्हणाला, चला, बघून येऊ. मी तुला फोन केला. तू आलास तो त्याच्याकडे न बघता माझ्याशीच बोलत राहिलास, आणि तोही माझ्याशीच. मी दोघांच्या मधून चालत होते. तुमचं गाव ओळखू येत नव्हतं मला, इतक्या इमारती झालेल्या. पार्किंगच्या कोपऱ्यात त्यांनी खड्डा खणून पंप सोडला होता. वॉचमनला वाटलं आपण नगरपालिकेचे लोक, त्याने खुर्ची आणून दिली. विल्सन खड्ड्याशी उकिडवा बसला, ओंजळीत पाणी घेतलं, तोंडाला लावलं. आणि थुंकला.

"खारट."

तू म्हणालास, "गोड हाये."

"जीभ आहे का तुला?"

"उन्हाळ्यात बघ. भरतीच्या टायमाला कोन चाखतं?"

त्यानंतर तुम्ही दोघं जे सुरू झालात ते मला मध्ये एक शब्दही घालता आला नाही. भरतीचा आणि चवीचा काय संबंध, इथून. मग पंप चुकीच्या जागी लावलाय, वायरिंग कुणी केलंय हे, माणूस मरेल. मग बावखलाचा काठ नक्की कुठवर होता: विल्सन म्हणे त्या निळ्या गाडीपर्यंत, तू म्हणे जिन्यापर्यंत. मग लहानपणी कुणी कुणाला ढकललं होतं. गॅलऱ्यांतून बायका खाली बघायला लागल्या. शेवटी मला पंच नेमलंत, तुमी चाखा, ताई. मी साफ नकार दिला. पाण्यावर गाड्यांचं तेल तरंगत होतं, जनू. तुमच्या दोघांच्या दोस्तीसाठी मी इतकं केलं, पण ते नाही केलं.

जमीन विकल्याचं त्या दिवशीही निघालं नाही. नंतरही कधी निघालं नाही, निदान माझ्यासमोर. 'माफ कर' हा शब्द कुणी उच्चारला नाही. पण तो गेला आणि मेल पुन्हा सुरू झाले. आता ते तुझ्या नावावर यायचे आणि प्रत्येक बातमीच्या खाली सहीसारखा एकच शब्द असायचा: 'खारट.' तू मला उत्तराखाली लिहायला लावायचास: 'गोड.' दर सुट्टीत तो आला की तुम्ही जायचात तिथे. वॉचमन बदलले, पंप बदलले, तुमचं काही ठरलं नाही.

शेवटच्या आजारपणात हॉस्पिटलमध्ये तू माझ्याशीच भांडलास. तुझे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. मी म्हटलं, विल्सनला कळवते. तू म्हणालास, नको, रजा टाकून धावत येईल, नोकरीची पंचाईत होईल, मी काय मरतो का एवढ्यात? मी म्हटलं, त्याला कळायला हवं. तू म्हणालास, त्याला बातमी पाठवा एखादी, चांगली, म्हंजे तो गप्प बसंल. मी पाठवली. कुठल्या तरी गावात मनोऱ्यावरचं घड्याळ मुद्दाम पुढे लावून ठेवतात, म्हणजे कुणाची गाडी चुकू नये, अशी काहीशी होती. खाली तू लिहायला लावलंस ते लिहिलं. नर्स आली, तिलाही तू ती बातमी सांगितलीस, आणि सांगताना घड्याळ लावणाऱ्याला एक म्हातारी बायको दिलीस. दोन दिवसांनी तू गेलास. मला वाटलं होतं आपल्याला अजून वेळ आहे. तुलाही तसंच वाटत होतं.

विल्सन तुझ्या दहाव्याला पोचला. तिकडे चर्चमध्ये तुझ्या नावाने मिस्सा सांगून आलो म्हणाला. हेमाने विचारलं, चालतं का आमच्या माणसाच्या नावाने? तो म्हणाला, मी फादरला नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, त्यांनी काही विचारलं नाही.

काल तुझं तेरावं झालं. माणसं जेवून गेली. तुझ्या घराच्या ओट्यावर मी आणि विल्सन बसलो होतो, हेमा दारात टेकली होती. तुझी लेक पायरीवर उष्टी पानं चिवडणाऱ्या कावळ्यांना हाकलत होती.  मीच विचारलं, विल्सन, आता तरी खरं सांग. ते पाणी कसं होतं?

तो म्हणाला, "खारटच होतं, ताई. मीठ. पण त्याला खरंच गोड लागत होतं, मी काय करू? मला वाटायचं, त्याला अजून ते जुनंच पाणी लागतंय."

हेमा म्हणाली, "त्यांना पन खारटच लागलं होतं. तुमी विचारलंत त्या दिवशी घरी आले ते आधी मोरीवर गेले, चुळा भरल्या. म्हणाले, तोंड आंबलं गं मिठाने."

विल्सन तिच्याकडे बघत राहिला. म्हणाला, मग गोड का कळवलं त्याने?

"खारट कळवलं असतं, तर तुमी आला असता?"

 विल्सनने चष्मा काढला, तो पुसत बसला, आणि पुसता पुसता त्याला हसू फुटलं. त्याचं बघून मला फुटलं, मग हेमालाही. तुझी आत्या आतून ओरडली, तेराव्याच्या घरात हसता काय रे, लोक काय म्हणतील. आम्हांला थांबता येईना. आणि मग हेमा एकटीच रडायला लागली, मोठ्याने, तू गेल्यापासून पहिल्यांदा. विल्सन उठला, तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला. ती शांत होईपर्यंत तो तसाच उभा होता.

जाताना त्याने सांगितलं की त्याची तिकडची नोकरी मार्चपर्यंत आहे, मग तो कायमचा येतोय. त्याच्या वाडीचा जो तुकडा उरलाय त्यावर घर बांधणार आहे. तुमच्या आणि त्याच्या वाडीच्या मधल्या बांधाला लागून, बावखल होतं त्या बाजूला.